राजीनामा लिहून घेऊ नका : इंदूरच्या मराठी मालकमंडळींना खुले पत्र

प्रति,
इंदूरमधील मराठी मालक, भागीदार, संचालक आणि व्यवस्थापक मंडळी

स. न. वि. वि.

पत्र कोणा एकाला उद्देशून नाही. राजेंद्रनगरात पॅथॉलॉजी लॅब चालवणारे, सुदामानगरात क्लासेस घेणारे, सियागंजात घाऊक माल विकणारे, सांवेर रोडवर पॅकिंगचं युनिट टाकलेले, पीथमपूरच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे, केटरिंगवाले, छापखानेवाले असे तुम्ही सगळे. तुमच्यातल्या काही जणांना मी चांगली ओळखते. माझी सगळी नोकरी पगारपत्रकं करण्यात गेली. हजेरीपट, पीएफची चलनं, ईएसआयचे अर्ज, बोनसचे हिशेब. निवृत्तीनंतर शांत बसेन म्हटलं, तर नोकरी गेलेली माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन घरी यायला लागली. कोणाचा भाचा, कोणाची नणंद, कोणी नुसतंच 'तुमचं नाव सांगितलं' म्हणून आलेलं. त्या पिशव्यांमध्ये एक कागद हमखास असतो. 'मी माझ्या वैयक्तिक अडचणींमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.' मजकूर ठरलेला, टाइपही बहुधा तुमच्याच ऑफिसात झालेला. खाली सही तेवढी त्याची.

कागदोपत्री पाहिलं, तर आपल्या मंडळींकडून कोणालाच कधी काढलं जात नाही. सगळे आपापल्या अडचणींमुळे जातात.

हा कागद कसा मिळवला जातो, ते सांगते. दुपारी केबिनमध्ये बोलावणं येतं. दार लोटून घेतलं जातं, चहा सांगितला जातो. 'हे बघ, तू मला धाकट्या भावासारखा' अशी सुरुवात होते. मग, 'काढलं असं लिहिलं तर रेकॉर्डवर डाग लागेल. त्यापेक्षा राजीनामा दे, मी चांगलं एक्सपिरियन्स लेटर देतो, ओळखीत कुठेतरी चिकटवून देतो.' समोरचा माणूस इतकी वर्षं तुम्हाला दादा आणि तुमच्या बायकोला वहिनी म्हणत आलेला असतो. त्याच्या लग्नात तुम्ही आहेर केलेला असतो. अशा दादासमोर 'नाही, मी सही करत नाही' असं म्हणायला जी जीभ लागते, ती त्याच्याकडे नसते. भिडेपोटी सही होते. दुसऱ्या दिवशी घरी बायको विचारते, 'पण तू का दिलास राजीनामा?' त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

'कल से मत आना' म्हणून मोकळा होणारा सेठ मला या बाबतीत बरा वाटतो. त्यानं काढलं हे तो लपवत तरी नाही.

तुमच्या अकाउंटंटनं तुम्हाला सांगितलेलं असतं की राजीनामा घेतला की सुटलो. तो अर्धवट सांगतो. राजीनामा स्वतःच्या मर्जीनं दिलेला असला तरच तो राजीनामा. दबावानं, धमकीनं, 'सही कर नाहीतर पगार अडकेल' अशा अटीवर घेतलेला असेल आणि ते दाखवता आलं, तर न्यायालय त्याला कामावरून काढणंच समजतं. दाखवणं अवघड असतं, हे मी लपवत नाही. पण तुम्ही समजता तितकंही नाही. राजीनाम्याची आणि तो मंजूर केल्याची तारीख एकच. नोटिशीचा महिना भरायला सांगितलेलाच नाही. चार जणांचे राजीनामे, चौघांचा मजकूर अक्षर न अक्षर सारखा. हातात दुसरी नोकरी नसताना, मुलांच्या शाळेची फी तोंडावर असताना, नऊ वर्षांची नोकरी 'स्वखुशीने' सोडलेली. आणि दुसऱ्याच दिवशी त्या माणसानं पाठवलेलं पत्र, की सही माझ्याकडून बळजबरीनं घेतली. एवढं समोर आल्यावर तुमच्या त्या कागदात फारसा दम उरत नाही.

काही जणांकडे तर नोकरीवर घेतानाच कोऱ्या तारखेचा राजीनामा सही करून घेण्याची पद्धत आहे. त्यासोबत मार्कशीटची मूळ प्रत 'सुरक्षित राहील' म्हणून ठेवून घेतात. ही पद्धत ज्यांच्या घरी आहे त्यांना हा परिच्छेद वाचताना कळलंच असेल.

आता कायद्याचं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेनं घेतली. संहिता २०२० सालीच संसदेत मंजूर झाली होती, लागू व्हायला पाच वर्षं गेली. ती लागू झाल्यावर तुमच्यापैकी काहींनी एकमेकांना अभिनंदनाचे मेसेज पाठवले, आता माणसं काढणं सोपं झालं म्हणून. ते घाईचं होतं. तीनशेचा जो आकडा तुम्ही ऐकलात तो कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठी आहे. कपात, म्हणजे कामगार कमी करण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते ती केंद्राच्या जुन्या कायद्यात शंभर कामगारांपासून होती, आता तीनशेपासून. तुमच्यातल्या फार थोड्यांचा त्याच्याशी संबंध. तुमच्याशी संबंध आहे तो त्याआधीच्या कलमाशी. ते जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे, आणि त्याला माणसांच्या संख्येची अट नाही. 'आमचं दहा माणसांचं दुकान, आम्हाला कुठला कायदा लागतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

ते कलम असं. ज्या कामगाराची सलग एक वर्षाची नोकरी झाली आहे, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत ज्याचे २४० दिवस भरले आहेत, त्याला कमी करायचं तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. सहा महिन्यांवर गेलेलं वर्ष पूर्ण धरायचं. हे त्याला काढतानाच द्यायचं. नंतर 'बघू' म्हणून नाही. सरकारलाही कळवायचं. त्या २४० दिवसांत रविवार आणि पगारी सुट्ट्या धरतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं आहे. तेव्हा हजेरीपटावर बोट ठेवून 'बघा, दोनशे वीसच भरतात' म्हणू नका. मी आयुष्यभर हजेरीपटच लिहिलेत.

एकाच प्रकारच्या कामावर असलेल्यांपैकी आधी कोणाला कमी करायचं, तर जो शेवटी लागला त्याला. आणि वर्षभरात तीच जागा पुन्हा भरायची असेल तर काढलेल्याला आधी विचारायचं. जुन्या माणसाचा पगार वाढला म्हणून त्याला काढून त्याच खुर्चीवर कमी पगारात पोरगा बसवायचा, ही आपल्याकडची लाडकी काटकसर या दोन वाक्यांत अडकते. नव्या संहितेनं उलट एक भर घातली आहे. कपात केलेल्या माणसासाठी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या निधीत भरायची, आणि ती पंचेचाळीस दिवसांत त्याच्या खात्यात गेली पाहिजे.

एक हिशेब करून दाखवते, कारण आकड्याशिवाय आपल्या मंडळींना काही पटत नाही. समजा लॅबमधला एक टेक्निशियन, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २०,८०० रुपये, नोकरी आठ वर्षं सात महिने, म्हणजे नऊ वर्षं धरायची. नोटिशीऐवजी एक महिना, २०,८००. कपातीची भरपाई अर्ध्या महिन्याची नऊ पट, ९३,६००. ग्रॅच्युइटी वेगळी. तिच्यात महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणून पंधरा दिवसांचे १२,००० होतात आणि नऊ वर्षांचे १,०८,०००. पुनर्कौशल्य निधीचे १०,४००. बेरीज २,३२,८००. राहिलेला पगार, शिल्लक रजा, बोनस अजून यात धरलेलं नाही. अशा माणसाच्या हातात तुम्ही पंधरा हजारांचं पाकीट ठेवता, 'फुल अँड फायनल'वर सही घेता, आणि वर त्याला सांगता की कायद्यानं इतकंही लागत नाही, मी आपला माणूस म्हणून देतोय.

ग्रॅच्युइटीचं इथेच सांगून टाकते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाच वर्षं झाली की ती लागू होते, मग राजीनामा दिलेला असो की काढलेलं असो. म्हणजे तुमचा तो राजीनाम्याचा कागद इथे तर काहीच कामाचा नाही. तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षावरच मिळते. म्हणूनच हल्ली अकरा-अकरा महिन्यांचे करार निघालेत ना? कायमच्या कामावर माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता म्हणून ठेवायचं आणि त्याचे हक्क बुडवायचे, याला कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणतात. हे जुन्या यादीत होतं, नव्यातही आहे.

उरलेला पगार कधी द्यायचा? माणूस काढला असो की स्वतः गेलेला असो, कामाच्या दोन दिवसांत. वेतन संहितेत तसं लिहिलेलं आहे आणि तीही त्याच २१ नोव्हेंबरपासून लागू आहे. 'पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला ये' हे आता चालत नाही. या संहितेत मॅनेजरही येतो.

मॅनेजरवरून आठवलं. कपातीच्या कलमाचं संरक्षण 'कामगारा'ला आहे, व्यवस्थापकाला नाही. शारीरिक, तांत्रिक, कारकुनी, अशी सगळी कामं करणारे यात येतात. नुसती देखरेख करणारा असेल तर पगार महिना अठरा हजारांच्या आत हवा. हे कळल्यापासून इंदुरात मॅनेजरांचं पीक आलं आहे. काउंटरवर बिलं फाडणारी मुलगी 'फ्रंट ऑफिस मॅनेजर', गोदामात पेट्या मोजणारा 'स्टोअर मॅनेजर'. न्यायालय हुद्दा बघत नाही. माणूस दिवसभर मुख्यतः काय करतो, रजा मंजूर करतो का, कोणाला नोकरीवर घेऊ शकतो का, हे बघतं. विजयनगरच्या ऑफिसातल्या आयटीवाल्या मुलांनाही हेच सांगते. गळ्यातल्या कार्डावर काय छापलंय यानं तुम्ही कामगार की नाही ते ठरत नाही. शिक्षकांचं मात्र वेगळं. शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातले कामगार नव्हेत असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये ठरवलं. त्यांना ग्रॅच्युइटी आणि पगार मिळतो, पण कपातीचं कलम लागत नाही. त्यांची वाट दुसरी. घरकामाच्या बाई, घरचा ड्रायव्हर हेही औद्योगिक संबंध संहितेच्या बाहेर आहेत. मला ते पटत नाही, पण आहे ते असं आहे.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. 'तो कामच करत नव्हता', 'गल्ल्यात हात घालत होता', 'न सांगता पंधरा दिवस गायब'. असतीलही. गैरवर्तनासाठी काढता येतं, कायदा तुमचे हात बांधत नाही. पण आरोप लिहून द्या, त्याला उत्तर देऊ द्या, चौकशी करा, त्याचे साक्षीदार ऐका, मग निर्णय घ्या. चौकशीपर्यंत निलंबित ठेवायचं तर तीनशे किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी पहिले नव्वद दिवस अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यावा लागतो. गायब झालेल्याचं नावसुद्धा परस्पर पटावरून काढता येत नाही, आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली सांगितलं. चोरी खरी असेल तर चौकशीत ती दिसेल. चोरी खरी असताना त्याला 'स्वखुशीने' जाऊ देणारा आणि वर चांगलं लेटर देणारा मालक पुढच्या मालकाला फसवतो, हेही आहेच. आणि खोटी असेल, तर त्या माणसाला काय वाटलं असेल याचा विचार तुम्ही करा, मी नाही लिहीत.

एक प्रकार असा आहे की त्याबद्दल मला सभ्य भाषेत लिहिणं जड जातं. मुलगी लग्न होऊन काही वर्षं तुमच्याकडे रिसेप्शनवर आहे. दिवस गेल्याचं सांगते. तुम्ही पेढा मागता. तिसऱ्या आठवड्यात 'आता तुला झेपणार नाही, आराम कर, नंतर बघू' म्हणून राजीनामा. मातृत्वाच्या रजेवर असताना किंवा त्या कारणानं स्त्रीला कामावरून काढणं बेकायदा आहे, हे काही नवं नाही. मूळ कायदा १९६१ चा. पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा तिचा हक्क आहे. तो पैसा वाचवण्यासाठी तुम्ही आपुलकीचं नाटक करता, आणि ती पोर खरंच समजते की दादांनी आपली काळजी केली.

हे पत्र तुमच्याकडे काम करणारेही वाचतील. वाचावंच. पुढचं थोडं त्यांच्यासाठी, तुम्ही ऐकत बसलात तरी हरकत नाही.

बाळांनो, केबिनमध्ये सही करायची नाही. 'घरी विचारून सांगतो' एवढं म्हणता आलं तरी पुरे. सही झालीच असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ईमेल करा आणि स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, की राजीनामा माझ्या मर्जीनं दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टातच मिसळलंय. पावती जपून ठेवा. तोंडी काढलं असेल तर दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर जा, अडवलं तर तसं लिहून कळवा. हे केलं नाही तर सहा महिन्यांनी श्रम कार्यालयात तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्यासमोर मालक शांतपणे सांगतो, 'साहेब, आम्ही कुठे काढलं, तोच यायचा बंद झाला.' पैसे देत असतील तर घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हातानं 'हक्क राखून' असं लिहा. नुसती सही केली तर नंतर तोच कागद तोंडावर येतो.

नियुक्तिपत्र मिळालंच नव्हतं, असं दहातले आठ जण सांगतात. आता सगळ्या कामगारांना ते देणं बंधनकारक आहे, पण नसलं म्हणून काही अडत नाही. पीएफचं पासबुक यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टाकून उघडतं, त्यात कोणत्या महिन्यापासून कोणी पैसे भरले ते दिसतं. ईएसआयचं कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, ड्युटीच्या ग्रुपवरचे मेसेज, युनिफॉर्ममधला दिवाळीचा फोटो, हे सगळं चालतं. ऑफिसच्या ग्रुपमधून तुम्हाला काढून टाकायच्या आत मेसेज जपून ठेवा. ते काम पहिलं, रडणं नंतर.

तक्रार कुठे? राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय भोपाळला नाही, आपल्या इंदुरात आहे. जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात अर्ज द्यायचा. काम जिथे केलं त्या जिल्ह्यात बरं का. पीथमपूर धार जिल्ह्यात येतं, इंदूरहून रोज बसनं जाणाऱ्यांच्या ते लक्षातच येत नाही. १८१ वर तक्रार सगळेच करतात, करा. पण सीएम हेल्पलाइनवरची तक्रार बंद झाली म्हणजे तुमचा हक्क संपला असं नाही, आणि ती चालू आहे म्हणून मुदत थांबते असंही नाही. नव्या संहितेत दोन वर्षांच्या पुढचा वाद समेट अधिकारी हाती घेत नाही. पूर्वी काढल्यापासून तीन वर्षांत न्यायालयात जाता यायचं. समेट व्हावा म्हणून पंचेचाळीस दिवस असतात. झाला नाही तर समेट अधिकाऱ्याचा अहवाल हातात पडल्यापासून नव्वद दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज. एकट्याचा वाद असला तरी चालतो, मागे युनियन हवीच असं नाही. युनियन असेल तर तिचा पदाधिकारी तुमच्या वतीनं उभा राहू शकतो, आणि पुष्कळदा वकिलापेक्षा बरा उभा राहतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात मोफत वकिलाचा हक्क ज्यांना दिला आहे त्यांत औद्योगिक कामगार येतो, आणि स्त्रिया सगळ्याच येतात, उत्पन्न कितीही असो. नंबर १५१००. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जाऊन विचारा. विचारताना संकोचू नका, ती भीक नाही.

तर पुन्हा तुमच्याकडे येते, मालकमंडळी. तुमच्यातले जे जास्त अनुभवी आहेत ते मनात म्हणत असतील, जाऊ दे कोर्टात, वर्षं जातील, थकेल आणि गप्प बसेल. ते खोटं नाही. या शहराला थकलेल्या कामगारांची सवय आहे. हुकुमचंद मिल १९९२ च्या सुमारास बंद पडली, आणि कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी परिसमापकाच्या, म्हणजे बंद कंपनीची देणी मिटवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती पडले ते २५ डिसेंबर २०२३ ला. जवळपास ४,८०० कामगारांचे पैसे होते, कित्येकांच्या वारसांना ते घ्यावे लागले. ते प्रकरण गिरणी दिवाळ्यात निघाल्याचं होतं, तुमच्या राजीनाम्यांसारखं नव्हे, हे मला कळतं. पण त्या तीस वर्षांत मिल भागातली माणसं वर्गणी काढून अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, काढत राहिली आणि आपण सगळे जेलरोडवर उभे राहून त्या बघत राहिलो. ज्यांचा पगार अडकला होता त्यांनी आपल्याला रोषणाई दाखवली. त्यातला एखादा तरी तुमच्या नात्यातला असेल. 'थकेल आणि गप्प बसेल' हे त्याच्याबद्दलही कोणीतरी म्हणालंच असणार.

शिवाय वर्षं जाणं हे नेहमी तुमच्या फायद्याचं नसतं. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, की काढणं बेकायदा ठरलं आणि कामावर परत घेतलं, तर मधल्या काळाचा पगार हा सर्वसाधारण नियम. माणूस तेव्हा दुसरीकडे कमावत होता असं म्हणायचं असेल तर ते सांगणं आणि सिद्ध करणं मालकावर. सगळ्यांना नोकरी परत मिळते असं मी इथल्या पोरांनाही सांगत नाही. हल्ली न्यायालयं पुष्कळदा नोकरीऐवजी एकरकमी भरपाई देतात, रोजंदारीवाल्यांना तर बहुतेक वेळा. पण जी रक्कम तुम्ही पहिल्या दिवशी देऊन मोकळे झाला असता, ती वकिलाच्या फीसकट आणि व्याजासकट द्यायची, यात शहाणपण कुठलं ते मला दिसत नाही. हिशेबी म्हणून तरी आपली ख्याती आहे ना?

माझं मागणं माणसं काढूच नका असं नाही. धंदा बसतो, ऑर्डर जाते, मशीन येतं, मला कळतं. मंदीत युनिट बंद करावं लागलेल्या मालकाचे हिशेबही मीच केलेत, आणि त्यानं शेवटच्या हेल्परपर्यंत सगळ्यांना चेकनं पैसे दिले होते. काढायचं तर लिहून काढा. कारण लिहा, तारीख लिहा, हिशेबाचा कागद सोबत जोडा. दादा म्हणणाऱ्याला तोंडावर सांगायला जड जातं म्हणून त्याच्याच हातून त्याचा हक्क सोडवून घेऊ नका.

आणि तेवढ्यासाठी कोणाच्या नोटिशीची वाट बघायला नको. कपाटात कोऱ्या तारखेचे राजीनामे असतील तर ज्याचे त्याला परत करा, मूळ मार्कशीटही. ज्यांना नियुक्तिपत्र दिलेलं नाही त्यांना द्या, नोकरीला लागल्याच्या खऱ्या तारखेचं. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याकडून 'स्वखुशीने' लिहून घेतलंत, त्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये अजून असतील. त्यांना बोलवा, या वेळी ऑफिसात नको, सरळ श्रम कार्यालयात. समेट अधिकाऱ्यासमोर लेखी तडजोड केली तर ती दोघांवर बंधनकारक असते. उद्या तो फिरला किंवा तुम्ही फिरलात, असा प्रश्न राहत नाही. येताना हजेरीपट आणि पगाराचं रजिस्टर आणा. हिशेब अडला तर मी करून देईन, फी घेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त पगार-लेखनिक, इंदूर